लिंपलेल्या घराची तपासणी

आमच्या घरात कोणी कधी घर विकत घेतलेलं नव्हतं. सासरे भंडाऱ्याकडून फॅक्टरीच्या नोकरीला जबलपूरला आले आणि खमरियाच्या क्वार्टरमध्ये त्यांचा जन्म गेला. ह्यांचंही तेच झालं, फक्त क्वार्टर मिळेपर्यंत काही वर्षं आम्ही रांझीला भाड्यानं काढली. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी ‘आपली नाही’ हे आधी मनात यायचं. ह्यांच्या रिटायरमेंटच्या गोष्टी निघू लागल्या, तसा क्वार्टर सोडून जायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. शहाण्या लोकांनी केव्हाच प्लॉट घेऊन ठेवले होते. ह्यांनी घेतला नव्हता, कारण ह्यांच्या मनात भलतंच होतं.

“मले खेड्यात राहायचं आहे,” एक दिवस जेवताना म्हणाले. “कवेलूचं घर, मागं जागा. वांगे लावीन, तुरी लावीन.”

कुंडीतला मोगरासुद्धा ज्यांनी वाळवून दाखवला होता, ते तुरी लावणार होते. मी हसले. हसून झाल्यावर घाबरले, कारण ते मस्करी करत नव्हते.

ही भीती काय होती ते आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं बाईचा हट्ट वाटेल. सत्त्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा आम्ही रांझीच्या त्या भाड्याच्या खोल्यांत होतो. मध्यरात्रीनंतर पलंग हलला, भांडी खाली आली, आणि आम्ही दोघं अंधारात दार शोधत बाहेर पळालो. उजाडल्यावर आत जाऊन पाहिलं तर माझ्या उशीवर गिलाव्याचा हा एवढा ढपला पडलेला. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्या दिवसापासून छताखाली निवांत पडणं म्हणजे काय ते मी विसरले. पलंग दाराशी ओढून घेतला. कुणाच्या घरी गेले की चहा यायच्या आधी माझं लक्ष तुळईकडे. नातेवाईकांनी, शेजारणींनी, विहारातल्या बायकांनी, ह्यांनीही एकच वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं की त्याची चीड यायची. “काही होत नाही.” अरे, झालं होतं ना! मी काय स्वप्न पाहिलं होतं?

आणि अशा बाईला हे मातीच्या घरात न्यायला निघाले होते.

घर त्यांनी शोधूनही ठेवलं होतं. त्यांच्या सेक्शनमधल्या एका मित्राचं गाव तिलवाऱ्याच्या पुढे, नागपूर रोड सोडून आत. तिथल्या एका शेतकरी कुटुंबानं रस्त्याच्या कडेला सिमेंटचं नवं घर बांधलं होतं, मागचं जुनं घर नुसतं उभं होतं. सुनांना सारखं लिंपायचा कंटाळा आणि म्हाताऱ्या सासूला ते रिकामं पाहवेना, म्हणून विकायला काढलेलं. हे मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, पुढे परछी, म्हणजे आपली पडवी, मध्ये एक मोठी खोली, मागे रांधायची जागा, आणि त्यामागे इतकं अंगण की ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. ते पायानं माती उकरून बघत होते. लग्नाआधी मला पाहायला आले तेव्हा इतके खुश दिसले नव्हते.

मला घर आवडलं. हे कबूल केलं पाहिजे. आत पाऊल टाकलं तर बाहेरचं ऊन दारातच राहिलं. पण वर पाहिलं आणि मी दोन पावलं दाराकडे सरकले. कोपऱ्यात छतापासून खाली एक भेग उतरलेली होती, नदीच्या नकाशासारखी.

“हे काय?” मी म्हातारीला विचारलं. तिला गावात सगळे अम्मा म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो.

“भूकंप की है, बाई,” अम्मा म्हणाली. “तब से ऐसई है.”

“काही होत नाही,” हे म्हणाले.

त्यावर मी जे म्हणाले ते अम्माला समजलं नाही हे बरं झालं. परत येताना नर्मदेच्या पुलावर मी माझी अट सांगितली. घर बघणाऱ्या जाणकार माणसाला आणायचं. त्यानं भिंत न् भिंत तपासायची. तो म्हणाला घर उभं राहील, तर मी येईन. नाही म्हणाला, तर वांगी बाजारातून आणायची.

ही अट ऐकून आमच्या खानदानात करमणूक झाली. आमच्याकडे घर घेतल्यावर भंतेजींना बोलावतात, घेण्याआधी इंजिनिअरला कोणी बोलावत नाही. धाकटे दीर तर म्हणाले, “वहिनी, तुमी घराचा एक्स-रे काढून राहिल्या का?” मी म्हटलं, “हो, अन् रिपोर्ट आला की तुम्हालेच पहिले दाखवीन.” हे मध्ये पडले नाहीत. मला वाटलं रागावले.

इंजिनिअर मिळाली नेपियर टाऊनला. एका कोचिंग क्लासच्या वर तिचं छोटं ऑफिस होतं. तिशीची पोरगी, घरची मराठी, पण मराठी कानापुरतीच राहिलेली. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि मध्येच एखादा शब्द तिच्या आजीकडून आल्यासारखा अस्सल निघायचा. मी तिला भूकंपाचं, उशीचं, कोपऱ्यातल्या भेगेचं सगळं सांगितलं. ती हसेल म्हणून मी तयारीतच होते. ती हसली नाही. वहीही काढली नाही, नुसती ऐकत होती.

“काकू, मैं देखूँगी,” ती म्हणाली. “बस, उन लोगों को बोल दीजिए कि दीवारें देखनी हैं. सामान हटा दें.”

हा निरोप ह्यांनी मित्राकरवी गावात पोचवला. येत्या रविवारी इंजिनिअर मॅडम येणार, भिंती बघणार.

रविवारी आम्ही पोचलो तर मला आधी वाटलं आपण चुकीच्या अंगणात आलो. घर झळकत होतं. परछीपासून मागच्या दारापर्यंत सगळ्या भिंती नव्यानं लिंपलेल्या, त्यावर छुई, म्हणजे इकडची पांढरी माती, ओलसर हातानं फिरवलेली. खाली शेण, कडेला गेरूची पट्टी. अम्मा आणि तिच्या दोन सुना हातपाय धुऊन, नवी लुगडी नेसून दारात उभ्या. कोपऱ्यातली भेग कुठे होती ते मलासुद्धा सांगता येईना.

माझं डोकंच फिरलं. म्हशीला तेल चोपडून बाजारात उभी करतात ती लबाडी मी ऐकली होती, इथे आख्खं घर चोपडलं होतं. मी म्हटलं, “अम्मा, ये क्या किया? हमको दीवार देखनी थी, आपने सब छुपा दिया?”

अम्माचा चेहरा उतरला.

“काए, मेहमान आ रए हते,” ती म्हणाली. “तुमने कही दीवारें देखहैं. तो का ऐसई दिखा देते? हमाई नाक कट जाती.”

अम्माचा हिशेब सरळ होता. शहरातली मॅडम भिंती बघायला येतेय, म्हणजे भिंती बघण्यासारख्या करायच्या. आमच्या क्वार्टरमध्ये पाहुणे येणार कळल्यावर मी काय वेगळं करायची? पलंगावर धुतलेली चादर आणि फाटकी गादी तिच्याखाली. लबाडी म्हणावी तर अम्माच्या बोटांना छुई लागून भेगा पडल्या होत्या. तरी राग माझा लगेच उतरला नाही. राग आणि पाहुणचार असे समोरासमोर आले की माणसानं कुठे बघावं कळत नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते बिचारे अंगणाकडे बघत होते, जणू ते आत्ताच कोणी उचलून नेणार होतं.

इंजिनिअर मात्र भिंतीजवळ जाऊन वाकून बघत होती. बोटानं छुई दाबून पाहिली. मग वळून अम्माला म्हणाली, “बहुत सुंदर हाथ है आपका.” खुशामत नव्हती ती, तिला खरंच आवडलं होतं.

मग ती कामाला लागली. शिडी लावून माळ्यावर चढली, हातोडीच्या दांड्यानं एकेक लाकूड ठोकत आवाज ऐकला, पेचकस टोचून वाळवी कुठवर गेली ते पाहिलं. कोपऱ्यांत ओळंबा सोडून भिंती किती झुकल्यात ते मोजलं. बाहेर पायाशी थोडं खणून घेतलं आणि आतली काळी माती चिमटीत घेऊन मला दाखवली. तिचं म्हणणं असं, की ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यावरचं घर वर्षभर जागच्या जागी हलत असतं. भेग असणं वाईट नाही. भेग अजून चालू आहे की थांबली, हे कळलं पाहिजे.

“शहर में हम दरार के ऊपर प्लास्टर की पट्टी लगाते हैं,” ती म्हणाली. “दीवार हिली तो पट्टी टूटती है. और यहाँ अम्मा ने पूरे घर पर पट्टी लगा दी.”

जिथे भिंत मेली आहे, म्हणजे हलायची थांबली आहे, तिथे ही नवी छुई अखंड राहणार. जिथे भेग जिवंत आहे तिथे ती आपोआप फुटणार. फक्त उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाळा पुरा जाऊ द्यायचा. आणि तोपर्यंत एकाही भिंतीला कोणी हात लावायचा नाही.

“दीवाली के बाद आऊँगी,” ती म्हणाली.

इथवर मान हलवणारी अम्मा एकदम ताठ झाली. दिवाळीला घर लिंपायचं नाही? लोक काय म्हणतील? ज्या घरात सुतक असतं ते घर तसं राहतं. तिच्या सासूनं लिंपलं, तिनं लिंपलं, घर रिकामं पडल्यावरही निदान बाहेरून लिंपायची एक दिवाळी तिनं चुकवली नव्हती. ह्यांनी तिला समजवायचा प्रयत्न केला, पैसे जास्त देऊ असं काहीतरी बोलून बसले, त्यानं ती आणखीच दुखावली. मग मीच पुढे झाले. मी तिला भूकंपाच्या रात्रीची ती उशी सांगितली. मला हिंदी बोलता येतं, पण त्या दिवशी जसं आलं तसं कधी आलं नव्हतं. मी म्हटलं, मला भीती वाटते अम्मा, तुझं घर वाईट आहे म्हणून नाही, छत वाईट असू शकतं हे मला माहीत आहे म्हणून.

अम्मा सुनेला म्हणाली, “चलो, चाय धर.” चहा आला तेव्हा ठरलं होतं.

तो पावसाळा आम्ही भिंती बघण्यात घालवला. दुसरी माणसं रविवारी भेडाघाटला जातात, आम्ही भेगा पाहायला जायचो. आधी कवेलूवरून पाणी वाहतंय की आत टपकतंय ते बघायचो, मग खोलीखोलीत भिंतीवर नजर फिरवायचो. पहिल्या महिन्यात काहीच नाही. हे खुश. मग रांधायच्या जागेच्या मागच्या भिंतीत केसाएवढी एक रेघ आली. हे उदास. पुढच्या खेपेला पाहिलं तर ती रेघ बोट जाईल इतकी रुंद झालेली. मला वाटायला हवं होतं की बरं झालं, सुटले. तसं वाटलं नाही, हेच मला नवल. मला त्या भिंतीचा राग आला. बाकीच्या सगळ्या नीट वागत होत्या, हिलाच काय धाड भरली होती?

अम्माही भिंती बघू लागली होती. आम्ही पोचायच्या आधीच ती मागच्या घरात शिरलेली असायची. “पीछे वाली बोल रही है,” ती सांगायची, “बाकी चुप हैं.” मोठ्या खोलीतला कोपरा, ज्याच्यापायी मी एवढं केलं, तो चिडीचूप होता. छुई जशीच्या तशी.

दिवाळीला आम्ही मुद्दाम गेलो. साऱ्या गावाची घरं पांढरीशुभ्र, आणि अम्माचं जुनं घर पावसानं डागाळलेलं, ओघळलेलं. शेजारच्या बायका जाता-येता बघत होत्या, एकीनं तर विचारलंच की घरात काही झालं का. अम्मानं अंगण तेवढं सारवलं होतं, चौक पुरला होता, म्हणजे पिठाची रांगोळी घातली होती, आणि त्या मळक्या भिंतीच्या पायाशी दिव्यांची ओळ लावली होती. “अच्छा है, देखन दो,” ती म्हणाली. तिनं माझ्यासाठी गावात नाक कापून घेतलं होतं. माझ्या सख्ख्या नात्यात कोणी माझ्या भीतीसाठी एवढं केलं नव्हतं, आणि हे मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं. मी तिच्या सुनेच्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि उरलेल्या पणत्या भरल्या.

इंजिनिअर आली ती दिवाळीनंतरच्या रविवारी. घरातून दोनदा फिरली, मागच्या भेगेत बोट घातलं, बाहेर जाऊन पायाशी खणलं. मग परछीत खाटेवर बसून तिनं सांगितलं. मागची भिंत गेली. न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं तिच्या पायाशी मुरत आलंय, ती उतरवायची, दगडाच्या पायावर पुन्हा उभारायची, आणि पाणी लांब न्यायचं. माळ्याची दोन लाकडं बदलायची. भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी लाकडाचा पट्टा बांधायचा, म्हणजे भिंती एकमेकींना धरून राहतील. कोपऱ्यातली भेग जुनी आहे, थांबलेली आहे, ती बुजवून टाकायची.

“बाकी घर अच्छा है,” ती म्हणाली.

ह्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. पण माझा प्रश्न राहिला होता.

“अन् भूकंप आला तर?”

मी त्या वाक्याची वाट बघत होते, जे सगळे म्हणतात ते. तिनं ते म्हटलं नाही.

“गिर सकता है, काकू,” ती म्हणाली. “मिट्टी का घर है, मैं झूठ नहीं बोलूँगी. पट्टा बँध गया तो मुश्किल से गिरेगा. और गिरेगा तो कैसे, वो मैं बताती हूँ.”

ती मला हाताला धरून मोठ्या खोलीत घेऊन गेली. तिथे छताचा भार भिंतींवर नाही, मधल्या लाकडी खांबांवर आहे, हे तिनं दाखवलं. भिंत पडली तरी इथलं छत लगेच खाली यायचं नाही. सगळ्यात आधी कवेलू घसरतील, ते परछीच्या कडेला, म्हणून घाबरून पुढच्या दारानं पळायचं नाही. झोपायचं या खोलीत. हलायला लागलं तर ह्या दोन खांबांच्या मध्ये यायचं, थांबेपर्यंत थांबायचं, मग मागच्या दारानं अंगणात.

इतक्या वर्षांत मला कोणी उत्तर दिलं नव्हतं, नुसतं गप्प केलं होतं. ह्या पोरीनं माझ्या भीतीला प्रश्न समजून तिचं उत्तर दिलं, आणि ते उत्तर ‘हो, पडू शकतं’ असं असूनही माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

डोळे पुसून वर पाहिलं तर हे आमच्या मागोमाग आत आलेले.

“बेटा, एक बार फिर से बताओ,” ते तिला म्हणाले. “नींद में हो तो? अंधेरे में दरवाज़ा नहीं मिला तो?”

ती परत सांगू लागली. हे त्या दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. एक हात एका खांबाला लावला, दुसरा दुसऱ्याला, जागा दोघांपुरती आहे की नाही ते चाचपून पाहिलं. मग डोळे मिटून तिथून मागच्या दारापर्यंत चालत गेले. एकदा दार चुकलं, तर परत खांबांपाशी येऊन पावलं मोजत पुन्हा गेले. मी लग्न झाल्यापासून हा माणूस पाहत होते, आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं.

इंजिनिअर बाहेर अम्माकडे गेल्यावर मी विचारलं, “तुमालेही भेव वाटते?”

“काहून नाही वाटणार?” ते मागच्या दाराच्या चौकटीला धरून म्हणाले. “ढपला तुह्या उशीवर पडला होता. मी तर शेजारीच होतो.”

“मग मले सारखं काही होत नाही, काही होत नाही, काहून म्हणत होते?”

“दोघंही भ्यालो असतो तर कसं केलं असतं?”

मी त्यांच्याजवळ गेले. मागच्या अंगणात ऊन पडलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आता घर आपलं होऊन राहिलं,” मी म्हटलं. “आता पाळीपाळीनं भिऊ.”